गॅमा-किरणांचे स्फोट आणि चिमुकले पहारेकरी

श्रोतेहो, आकाश स्थिर आणि शांत आहे अशी आपल्या सर्वांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ध्रुव जागचा हालत नाहीं, सप्तर्षि ठरल्या वेळीं उगवतात, नक्षत्रें पंचांगांत सांगितल्याप्रमाणें येतात आणि जातात. म्हणूनच शेतकऱ्यानें पेरणीचा आणि गृहिणीनें सणावारांचा हिशेब त्यांच्यावर सोंपविला. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या ह्या शांत आकाशाच्या आड दुसरें एक आकाश आहे. त्यांत सरासरीनें रोज एकदां तरी असा स्फोट होतो कीं, आपला सूर्य आपल्या सबंध आयुष्यांत, म्हणजे सुमारें एक हजार कोटी वर्षांत, जेवढी शक्ति बाहेर टाकील, तेवढी तो कांहीं सेकंदांत उधळून मोकळा होतो. ह्यांना गॅमा-किरणांचे स्फोट असें नांव आहे. ते कोणत्या दिशेस होतील हें सांगतां येत नाहीं, केव्हां होतील हेंही सांगतां येत नाहीं, आणि वर्दी लागते न लागते तोंच ते विझूनही गेलेले असतात. असल्या पाहुण्याला गांठावयाचें कसें, त्यासाठीं लागणारीं उपकरणें तळहातावर मावण्याइतकीं लहान कशीं झालीं, आणि ह्या कामांत आपल्या महाराष्ट्राचा वांटा कोणता, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम गॅमा किरण म्हणजे काय तें पाहूं. ते प्रकाशाचेंच भावंड होत. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाजवळ जेवढी शक्ति असते, तिच्या सुमारें पन्नास हजार पट शक्ति ह्या स्फोटांतील एखाद्या सामान्य कणाजवळ असते. एवढा जोर असूनही तो आपल्यापर्यंत पोंचत नाहीं, ह्याचें कारण आपल्या डोक्यावरचें वातावरण. हवा विरळ असली तरी तिचा सबंध थर वजनानें दहा मीटर खोल पाण्याइतका भरतो. दहा मीटर पाण्याच्या तळाशीं बसलेल्यास जसें वरचें कांहीं धड दिसावयाचें नाहीं, तशीच ह्या किरणांच्या बाबतींत आपली स्थिति आहे. आमचें घाटनांदूर बालाघाटाच्या पठारावर वसलेलें. स्टेशनाचे दिवे मागें टाकून शेताकडे चार पावलें गेलें कीं आकाशगंगेचा पट्टा स्वच्छ दिसूं लागतो. परंतु त्या निर्मळ आकाशांतूनही ह्या स्फोटांचा एकही किरण जमिनीवर उतरत नाहीं. ही एका दृष्टीनें देवाची कृपाच म्हणावयाची, कारण असे किरण सजीवांना हितकारक नव्हेत. परंतु शास्त्रज्ञाला मात्र त्यामुळें वातावरणाच्या वर जाणें भाग पडतें.

वर जाण्याचा पहिला मार्ग बलूनचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें बलून उडविण्याचें केंद्र हैदराबाद येथें आहे. तेथून सोडलेले अजस्र फुगे उपकरणें घेऊन ३० किलोमीटरांहूनही वर जातात, आणि काम आटोपल्यावर उपकरणांची पेटी हवाई छत्रीनें खालीं उतरते. ती केव्हां केव्हां मराठवाड्यांतील शेतांतही येऊन पडते, म्हणून ‘पेटीस हात लावूं नये, कळवावें’ अशा सूचना आगाऊ प्रसिद्ध होतात. परंतु फुगा कांहीं तास तरंगणार, आणि स्फोट केव्हां होणार हें तर ठाऊक नाहीं. तेव्हां रात्रंदिवस जागा राहणारा पहारेकरी हवा असेल, तर कृत्रिम उपग्रहावांचून गत्यंतर नाहीं.

गंमत अशी कीं, ह्या स्फोटांचा शोध ते शोधावयास निघालेल्या कोणीही लावला नाहीं. १९६३ सालीं अणुबाँबच्या चांचण्यांवर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो कोणी चोरून मोडतो कीं काय, हें पाहण्यासाठीं अमेरिकेनें ‘वेला’ नांवाचे उपग्रह अंतराळांत ठेविले होते. अणुस्फोट झाल्यास गॅमा किरण निघतात, म्हणून त्यांच्यावर गॅमा किरण मोजणारीं यंत्रें बसविलीं होतीं. २ जुलै १९६७ रोजीं त्या यंत्रांना एक लखलखाट लागला. परंतु त्याची ठेवण अणुस्फोटासारखी नव्हती. पुढें असे आणखी आढळले. निरनिराळ्या उपग्रहांवर ते किती किती अंतरानें पोंचले ह्याचा हिशेब केला, तेव्हां ते पृथ्वीवरचे नव्हेत आणि सूर्याचेही नव्हेत, असें ठरलें. क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन ह्या तिघांनीं ही हकीकत १९७३ सालीं प्रसिद्ध केली. पहारा ठेविला होता चोरावर, आणि दृष्टीस पडला तो विश्वरूपाचा एक अंश!

त्यानंतर कोडें उलगडावयास पाऊण पिढी लागली. १९९१ सालीं सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेनें नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदविले. ते आकाशांत सर्व दिशांस सारखेच विखुरलेले होते. ते आपल्या आकाशगंगेंतले असते, तर तिच्या पट्ट्याच्या बाजूस त्यांची दाटी दिसली असती. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं एका स्फोटामागें रेंगाळलेली मंद क्ष-किरणांची झांक ‘बेप्पोसॅक्स’ ह्या उपग्रहास सांपडली. तिच्या आधारें दुर्बिणी त्या जागीं रोखतां आल्या, आणि असे स्फोट कोट्यवधि प्रकाशवर्षें दूरच्या तारकाविश्वांत होतात हें लवकरच निश्चित झालें.

स्फोटांच्या ठळक जाती दोन. कांहीं दोन सेकंदांच्याही आंत संपतात, बाकीचे त्याहून अधिक वेळ, क्वचित् कित्येक मिनिटें टिकतात. लांबलेले स्फोट बहुधा प्रचंड ताऱ्याच्या मरणाचे असतात. त्याचा गाभा आपल्याच भारानें कोसळतो, तेथें कृष्णविवर जन्मास येतें, आणि त्याच्या दोन टोंकांनीं प्रकाशवेगाच्या जवळपास धांवणारे झोत बाहेर पडतात. आंखूड स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोंवतीं फिरतां फिरतां शेवटीं एकमेकांवर आदळल्यामुळें होतात. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याएवढें द्रव्य एखाद्या शहराएवढ्या गोळ्यांत ठांसून भरलेलें. अशा दोन गोळ्यांच्या टकरीची कल्पना करणेंही कठीण आहे.

आतां हे किरण पकडावयाचे कसे? भिंगानें प्रकाश गोळा करतां येतो. गॅमा किरण भिंगाला जुमानीत नाहींत, ते आरपार जातात. म्हणून त्यांच्या वाटेंत जड मूलद्रव्यांचा स्फटिक ठेवावा लागतो. सीझियम आयोडाइडसारख्या स्फटिकांत गॅमा कण अडला म्हणजे तेथें दृश्य प्रकाशाची एक अतिसूक्ष्म ठिणगी उमटते. कण जितका जोरकस तितकी ठिणगी तेजस्वी. ही ठिणगी मोजावयास पूर्वीं कांचेची एक पोकळ नळी वापरीत. तिला हजारभर व्होल्टचा दाब लागे, जागा पुष्कळ लागे, आणि ती नाजूकही असे. गेल्या कांहीं वर्षांत तिची जागा सिलिकनच्या कपच्यांनीं घेतली आहे. नखाएवढी ही कपची थोड्याशा व्होल्टांवर तेंच काम करते. उपकरण लहान होण्याचें खरें रहस्य हेंच. दुसरी रीत अशी कीं, कॅडमियम, जस्त व टेल्युरियम ह्यांच्या संयुक्त स्फटिकांत किरण अडला म्हणजे ठिणगीऐवजीं सरळ विजेचाच ठोका मिळतो.

ही दुसरी रीत आपल्या देशाच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ ह्या उपग्रहावर योजिली. तो २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडाला आणि सुमारें ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करूं लागला. त्यावरील अशा स्फटिकांचें उपकरण मुंबईच्या टाटा संस्थेंत प्रा. ए. आर. राव प्रभृतींच्या देखरेखीखालीं सिद्ध झालें, आणि त्याच्याकडून येणारी माहिती पारखण्याचें काम पुण्याच्या ‘आयुका’ ह्या संस्थेकडे आलें. ६४ चौकोनी स्फटिक, प्रत्येकावर २५६ घरें, आणि सर्वांचें मिळून क्षेत्रफळ ९७६ चौरस सेंटीमीटर, असा तो संसार आहे. उपकरण सुरू झालें त्याच दिवशीं, ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं, त्यास पहिला स्फोट गंवसला. नोव्हेंबर २०२३ पर्यंत त्याची नोंद ६०० वर गेली होती. वस्तुतः हें उपकरण समोरच्या ठराविक ताऱ्यांकडे पाहण्यासाठीं केलेलें. परंतु अधिक जोराचे किरण त्याच्या भिंती भेदून बाजूनेंही आंत शिरतात, आणि शास्त्रज्ञांनीं ह्या गोष्टीचा उपयोग करून त्यास चोहोंकडे पाहावयास लाविलें.

परंतु श्रोतेहो, एकट्या पहारेकऱ्याला एक मोठी अडचण असते, ती म्हणजे त्याची पाठ. ६५० किलोमीटर उंचीवरून पाहिलें असतां स्वतः पृथ्वीच आकाशाचा सुमारें तीस टक्के भाग झांकून टाकते. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं हें प्रत्ययास आलें. त्या दिवशीं अमेरिकेंतील व इटलींतील गुरुत्वलहरींच्या वेधशाळांना दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची चाहूल लागली, आणि त्यानंतर १.७ सेकंदांनीं ‘फर्मी’ व ‘इंटिग्रल’ ह्या उपग्रहांनीं त्याच टकरीचे गॅमा किरण टिपले. अकरा तासांच्या आंत दुर्बिणींनीं तें स्थळ हुडकून काढलें. सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षें दूरच्या एका तारकाविश्वांतलें तें होतें. गुरुत्वलहरी आणि प्रकाश ह्या दोन्ही वाटांनीं एकाच घटनेची वार्ता माणसास त्या दिवशीं पहिल्यानेंच पोंचली. त्या प्रकाशाच्या अभ्यासावरून सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें अशा टकरींत घडतात ह्यास बळकट पुरावा मिळाला. आपल्या घरांतील मंगळसूत्राच्या सोन्याचें कूळ शोधूं गेल्यास तें अशाच एखाद्या प्राचीन टकरीपाशीं पोंचण्याचा संभव आहे! पण त्या क्षणीं आपला ॲस्ट्रोसॅट कोठें होता? तो जागा होता, चालू होता. परंतु तें स्थळ त्याच्या दृष्टीनें पृथ्वीच्या नेमकें आड होतें. त्याला कांहींच दिसलें नाहीं.

ह्यांत कोणाचाही दोष नाहीं. परंतु उपाय काय, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे ज्वारी हुरड्यास आली म्हणजे शेतांत माळा उभारून राखण्या गोफण घेऊन बसतो. शेत मोठें आणि मध्यें टेकाड असलें, तर एका माळ्याचा उपयोग नाहीं. तेथें मोठ्या नजरेच्या एका राखण्यापेक्षां चार कोपऱ्यांत चार पोरें बसविणें शहाणपणाचें ठरतें. हाच विचार जगांतील पुष्कळ शास्त्रज्ञांनीं केला, आणि लहान उपग्रहांकडे त्यांचें लक्ष गेलें.

१९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील दोन प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या हेतूनें उपग्रहाचें एक माप ठरविलें होतें: लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटीमीटर. ह्यालाच क्यूबसॅट म्हणतात. मोठ्या उपग्रहाबरोबर उरल्या जागेंत ह्याला धाडतां येतें, म्हणून खर्चही बेताचा. महाराष्ट्रानेंही ह्या वाटेवर पावलें टाकिलीं आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा ९९० ग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं, आणि मुंबईच्या आय. आय. टी.च्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारें दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजीं अंतराळांत गेला. त्यांचें काम निराळें होतें, पहिल्याचें संदेशवहनाचें आणि दुसऱ्याचें वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉन मोजण्याचें. तथापि शेर-दोन शेर वजनाची वस्तूही अंतराळांत उपयोगी पडूं शकते, हा धडा आपल्या मुलांनीं स्वतःच्या हातांनीं गिरविला.

गॅमा-स्फोटांसाठीं ह्याच मापाचा वापर हंगेरी, स्लोव्हाकिया, झेकिया व जपान येथील मंडळींनीं केला. त्यांचा ‘जीआरबी-आल्फा’ हा एका घनाचा उपग्रह २२ मार्च २०२१ रोजीं गेला. त्यांतील स्फटिक साडेसात सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि अर्धा सेंटीमीटर जाड, म्हणजे साबणाच्या पातळशा वडीएवढा! ९ ऑक्टोबर २०२२ रोजीं आजवर नोंदलेल्या सर्व स्फोटांत तेजस्वी असा एक स्फोट सुमारें २०० कोटी प्रकाशवर्षांवरून येऊन धडकला. कित्येक मोठ्या उपग्रहांच्या यंत्रांची मोजदाद त्या लोंढ्यानें कोलमडली, आणि ह्या चिमुकल्यानें मात्र त्याचा सर्वोच्च बिंदु व्यवस्थित मोजला. ओढ्याला पूर आला म्हणजे मोठी घागर वाहून जाते आणि लहान वाटी भरून घेतां येते, त्यांतलाच हा प्रकार. आयर्लंड देशाचा पहिलावहिला उपग्रह ‘एरसॅट-१’ हाही डब्लिनच्या विद्यार्थ्यांनीं बांधला, आणि त्यावरही गॅमा-स्फोटांसाठीं स्फटिक होता. तो १ डिसेंबर २०२३ रोजीं गेला.

तथापि लहानपणाचे फायदेच तेवढे सांगून थांबणें हें शिक्षकाला शोभावयाचें नाहीं. अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. अंतराळांत स्फोट नसतांनाही सर्व बाजूंनीं किरणांची भुरभुर चालूच असते. स्फटिकाचें क्षेत्रफळ सोळापट घटविलें, तर स्फोटाचे कण सोळापट कमी पडतात. भुरभुरीचा चढउतार मात्र चौपटच घटतो. म्हणजे स्फोट वेगळा ओळखण्याची शक्ति चौपट मंदावते. जीआरबी-आल्फाचें क्षेत्रफळ आणि ॲस्ट्रोसॅटच्या स्फटिकांचें क्षेत्रफळ ह्यांचें प्रमाण जवळजवळ असेंच आहे. म्हणून तेजस्वी स्फोट लहानास दिसतात, आणि फिके निसटतात. दुसरी अडचण सिलिकनच्या कपचीची: अंतराळांतील प्रोटॉनांचा मारा खाऊन खाऊन ती हळूहळू सदोष होते, आणि प्रकाश नसतांनाही ठोके देऊं लागते. तिच्याभोंवतीं शिशाचें चिलखत घालावें लागतें, आणि लहान उपग्रहास तें ओझेंच होतें. तिसरी अडचण दक्षिण अटलांटिक महासागरावरची. तेथें पृथ्वीच्या चुंबकीय कवचांतील कण खालीं उतरतात, आणि त्या टापूवरून जातांना मोजणी जवळजवळ निरुपयोगी होते. शिवाय लहान यंत्रांत सुटे भाग जोडीनें ठेवावयास जागा नसल्यामुळें एक कळ बिघडली तरी सर्व खेळ आटोपतो. अमेरिकेच्या ‘बर्स्टक्यूब’ उपग्रहाची तीच गत झाली. तो १८ एप्रिल २०२४ रोजीं अंतराळस्थानकांतून सोडला. त्याचा एक सौर पंख पुरता उघडला नाहीं, ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या यंत्रापुढें त्याची आड आली, आणि वर्षाहून अधिक टिकण्याची अपेक्षा असलेला तो उपग्रह त्याच सप्टेंबरांत वातावरणांत शिरून जळाला.

परंतु एकट्यास जें साधत नाहीं तें समूहास साधतें. स्फोट कोणत्या दिशेस झाला हें कळल्यावांचून दुर्बिणी रोखतां येत नाहींत, आणि एक लहान स्फटिक दिशा सांगूं शकत नाहीं. मात्र उपग्रह अनेक असले, तर तीच लाट प्रत्येकावर किंचित् वेगळ्या क्षणीं आदळते. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंस असलेल्या उपग्रहांमध्यें सुमारें १४ हजार किलोमीटर अंतर भरेल. प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवतो, म्हणजे हें अंतर तो सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळांत तोडतो. हा एवढासा फरक अचूक मोजला, तर दिशा काढतां येते. दूरच्या तोफेचा आवाज निरनिराळ्या गांवीं केव्हां ऐकूं आला हें घड्याळ लावून पाहिलें कीं तोफ कोठली तें कळतें, तोच हा न्याय. इटलीच्या ‘हर्मीस’ योजनेचे सहा लहान उपग्रह मार्च २०२५ मध्यें ह्याच हेतूनें धाडण्यांत आले.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचें उत्तर थोड्या निराळ्या रीतीनें मांडण्यांत आलें आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. वरुण भालेराव आणि टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा व बंगळूरची रामन संशोधन संस्था येथील त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘दक्ष’ नांवाच्या मोहिमेचा प्रस्ताव सिद्ध केला आहे. त्यांत अगदीं चिमुकले उपग्रह नाहींत. मध्यम आकाराचे दोन जुळे उपग्रह पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंस ठेवावयाचे आहेत. एकाच्या आड पृथ्वी आली, तर तेवढें आकाश दुसऱ्यास मोकळें. प्रत्येकावर घुमटासारख्या मांडणींत ॲस्ट्रोसॅटच्याच जातीचे स्फटिक अनेक तोंडांना बसवावयाचे. कोणत्या तोंडावर किती किरण पडले ह्याची तुलना केली कीं एकट्या उपग्रहालाही दिशा कळते. उन्हांत उभ्या असलेल्या देवळाच्या कोणत्या भिंती तापल्या, हें हात लावून पाहिल्यास सूर्य कोठें आहे तें डोळे मिटूनही सांगतां येईल, तसेंच हें.

मग लहान आणि पुष्कळ हवेत, कीं थोडे आणि भक्कम? माझ्या मतें हा वाद विळा थोर कीं नांगर थोर अशा स्वरूपाचा आहे. फिके आणि दूरचे स्फोट पाहावयाचे तर क्षेत्रफळ हवेंच, आणि तें दक्षसारख्या मोहिमेंतच मिळेल. पण पहारा अखंड राहावा, एक डोळा मिटला तर दुसरा उघडा असावा, आणि महाविद्यालयांतील मुलामुलींस असें काम स्वतः करून शिकतां यावें, ह्यांसाठीं लहान उपग्रहांवांचून तरणोपाय नाहीं.

ह्या पहाऱ्याची निकड आतां आपल्या अंगणांतच आली आहे. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा, ‘लायगो-इंडिया’, उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलें हें यंत्र ताऱ्यांच्या टकरीची थरथर ऐकणार आहे. परंतु ऐकणें निराळें आणि पाहणें निराळें. मराठवाड्याच्या भूमीवरील ह्या कानास न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा आवाज येईल, तेव्हां वर अंतराळांत आपलाच डोळा उघडा असला, तर १७ ऑगस्ट २०१७ रोजीं जें हुकलें तें पुन्हां हुकणार नाहीं.

हें काम करणारे हात कोठून यावयाचे? ते आपल्याच घरांतून येणार. एखादा मुलगा किंवा मुलगी जुनें घड्याळ उघडून बसली, रेडिओची पाठ काढून आंत डोकावूं लागली, तर ‘मोडशील’ म्हणून तिच्यावर ओरडूं नका. पेंचकस हातांत द्या, आणि जोडतांना कोणता भाग कोठें होता हें तिला कागदावर लिहून ठेवावयास सांगा. साबणाच्या वडीएवढा स्फटिक अंतराळांत धाडणाऱ्या विद्यार्थ्यांनींही आरंभ अशाच कुठल्या तरी खोलींत, अशाच एखाद्या टेबलापाशीं केला असेल.